कासवाला बिल्ला की ट्रान्समीटर?

सोलापुरात समुद्र नाही. आमची धाव हिप्परगा तलावापर्यंत, फार तर उजनीपर्यंत. तरी प्राणिशास्त्राला असलेल्या पुतणीने परवा कडक भाकरी मोडता मोडता विचारलं, "काका, कासवाचा माग काढायला चांगलं काय?"

उपग्रह ट्रान्समीटर पाठीवर चिकटवतात. कासव श्वासासाठी वर आलं, अँटेना पाण्याबाहेर निघाली, की संदेश जातो. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या 'प्रथमा'ला असाच बसवला; पश्चिम किनाऱ्यावर ट्रान्समीटर लावलेलं ते पहिलं ऑलिव्ह रिडले जातीचं समुद्री कासव. रोजची वाट दिसते, पण यंत्र महाग, आणि काही महिन्यांत बंद पडतं किंवा गळून जातं.

धातूचा बिल्ला पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला टोचायचा. स्वस्त, शेकडोंना लावता येतो. मधला प्रवास मात्र अंधारातच; कुणाला ते कासव पुन्हा सापडलं तरच उपयोग. २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालायला आली! चार वर्षं टिकणारं ट्रान्समीटर कुठून आणणार?

नराचं दोन्हीकडे अवघडच, तो किनाऱ्यावर येतच नाही.

माझं मत बिल्ल्याला. पुतणीचं अर्थातच ट्रान्समीटरला. तिला नकाशावर सरकणारा ठिपका हवाय.