इन्स्टंट गिझर की टाकीचा गिझर? आधी ओहमचा नियम लावा

गिझर घेताना बहुतेक जण लिटर आणि किंमत बघतात. माझ्या मते आधी बघायची ती घरातली वायर आणि संध्याकाळचं व्होल्टेज. ३००० वॅटचा छोटा इन्स्टंट (पाणी वाहतानाच तापवणारा) आणि २००० वॅटचा १५ लिटर टाकीचा, हे नेहमीचे दोन पर्याय घेऊ. सूत्रं दोनच लागतात: पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट आणि रोध (करंटला होणारा अडथळा) म्हणजे व्होल्टेज भागिले करंट; हाच ओहमचा नियम.

२३० व्होल्टला टाकीचा गिझर २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध साधारण २६.४ ओहम. इन्स्टंट १३ अँपिअर घेतो, रोध १७.६ ओहम. गिझरमध्ये पाणी तापवते ती नुसती कॉइल, म्हणून हा हिशेब चोख बसतो.

आता वायर. जुन्या घरांत पुष्कळदा दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर असते. तिचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. मेन बोर्डापासून बाथरूम २० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ०.४८ ओहम. वायरीत वाया जाणारी पॉवर करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते: ८.७ अँपिअरला ३६ वॅट, १३ अँपिअरला ८१ वॅट. करंट दीडपट झाला की वायरीतली उष्णता सव्वादोन पट होते, आणि ही उष्णता भिंतीच्या आत, ढिल्या जॉइंटपाशी साठते. त्यामुळे इन्स्टंट घ्यायचाच असेल तर मी ४ एमएमची स्वतंत्र लाइन आणि २० अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाकून घेईन. टाकीच्या गिझरला अडीच एमएम आणि १६ अँपिअरचा पॉइंट पुरतो.

खरा फरक पडतो व्होल्टेज उतरल्यावर. ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या घरी १९० व्होल्ट मिळाले, तरी कॉइलचा रोध जवळपास तोच राहतो. पॉवर मात्र व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते: २००० वॅटचे १३६५ वॅट, ३००० वॅटचे सुमारे २०४५. टाकीच्या गिझरला याचा फटका फक्त वेळेत बसतो. २० अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला २१ मिनिटांऐवजी ३१ मिनिटं लागतात, पण त्यात तितकंच थंड पाणी मिसळून १५ लिटरच्या दोन बादल्या होतातच. इन्स्टंटचं तसं नाही. पाणी २० अंशांनी तापवायचं तर पूर्ण व्होल्टेजला त्याची धार मिनिटाला जेमतेम २.१ लिटर, आणि १९० व्होल्टला दीड लिटरही नाही. नळ जास्त सोडला की पाणी कोमट. शॉवरखाली अंघोळ करणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये.

बिलाबद्दल फार वाद नको. त्या दोन बादल्यांना दोन्हीकडे साधारण ०.७ युनिट लागतं. टाकीत गरम पाणी तासन्‌तास ठेवलं तरच जास्तीची वीज जाते, तेव्हा अंघोळीआधी अर्धा तास बटण दाबावं आणि नंतर बंद करावं.

चौघांचं घर, जुनं वायरिंग, उतरतं व्होल्टेज: टाकीचाच घ्या. एकट्या माणसाला सकाळी एक बादली हवी असेल, किंवा स्वयंपाकघरात भांड्यांपुरतं गरम पाणी लागत असेल, आणि लाइन स्वतंत्र असेल, तर इन्स्टंट उत्तम.