राय व्हिस्की घरी आणलीय, आता मॅनहॅटन करायचं की सॅझरॅक?

इकडे न्यू जर्सीत आमच्या ग्रुपमध्ये कुणी पहिल्यांदा राय व्हिस्की आणली की मला विचारतात, मॅनहॅटन आणि सॅझरॅक या दोन कॉकटेलपैकी काय करू, आणि मी उलट विचारते की किती जण येणारेत आणि जेवणाआधी पिणार की नंतर, कारण माझ्या मते निर्णय तिथेच होतो, चवीचा नंबर त्यानंतर.

आधी बाटलीबद्दल थोडं. राय म्हणजे फोडणीतली राई नाही, गव्हाच्या नात्यातलं थंड प्रदेशातलं धान्य आहे. अमेरिकन बाटलीवर राय व्हिस्की लिहायचं तर निदान ५१ टक्के राय लागतं आणि आतून जाळलेलं ओकचं नवं कोरं पिंप लागतं. कॅनडात मात्र राय हा शब्द जुन्या सवयीने लिहितात, आत राय नावापुरतं असलं तरी चालतं, त्यामुळे लेबल नीट वाचून घ्या. बर्बन ही दुसरी अमेरिकन व्हिस्की मक्यामुळे गोडसर लागते, रायला काळ्या मिरीसारखा झटका असतो, आणि गोड व्हरमूथसमोर (ही मसाले घातलेली वाइन) तोच झटका उपयोगी पडतो. बॉटल्ड इन बाँड लिहिलेली मिळाली तर उत्तम, १८९७ च्या कायद्याप्रमाणे ती निदान ४ वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोलची असते, बर्फाचं पाणी मिसळलं तरी मिळमिळीत होत नाही. मी रिटनहाउस वापरते.

मॅनहॅटनचं माप सोपं. ६० मिली राय, ३० मिली गोड लाल व्हरमूथ, अँगोस्टुरा बिटर्सचे (मसाल्यांचा कडू अर्क) दोन डॅश, म्हणजे बाटलीचे दोन शिंतोडे. मोठ्या ग्लासात भरपूर कडक बर्फ घालून लांब चमच्याने अर्धा मिनिट ढवळायचं, शेक नाही करायचं, शेक केलं की हवा शिरून ते गढूळ आणि फेसाळ होतं आणि मॅनहॅटनची सगळी मजा त्या गडद लालसर, काचेसारख्या स्वच्छ रंगात आहे. चमचा बर्फावर आपटू नका, त्याची पाठ ग्लासच्या आतल्या कडेला टेकवून फिरवत रहा, म्हणजे बर्फ सगळा एकत्र फिरतो आणि आवाजही येत नाही. ग्लासला बाहेरून घाम आला की झालं, मग फ्रीझरमध्ये गार केलेल्या दांड्याच्या ग्लासात गाळायचं आणि वर एक गडद चेरी. पार्टीत कुणीतरी सांगतंच की हे ड्रिंक चर्चिलच्या आईने न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन क्लबमधल्या मेजवानीत करायला लावलं, पण ती मेजवानी १८७४ च्या अखेरीची सांगतात आणि ३० नोव्हेंबर १८७४ ला तर ती बाई इंग्लंडमध्ये बाळंत झाली, तेव्हा ती गोष्ट खरी नाही.

आता जिथे मॅनहॅटन खरं बिघडतं ते सांगते. व्हरमूथ ही वाइन आहे, उघडली की उतरायला लागते. मी पहिल्या वर्षी व्हिस्कीसारखीच समजून ती शेगडीवरच्या फळीवर ठेवली होती, सहा महिन्यांनी दिवाळीला पाहुण्यांसाठी मॅनहॅटन केलं तर त्याला शिळ्या मनुकांचा आणि थोडा व्हिनेगरचा वास, आणि सगळ्यांचे ग्लास अर्धे तसेच टेबलावर राहिले. फार वाईट वाटलं होतं, राय चांगली होती. तेव्हापासून छोटी ३७५ मिलीची बाटली घेते, फ्रिजमध्ये ठेवते आणि दीड-दोन महिन्यांत संपवते. तुमच्याकडे महिन्यातून एकदाही पार्टी होत नसेल तर मॅनहॅटनचा विचार करताना हे धरून चाला.

पण माणसं जास्त असतील तर मॅनहॅटनसारखं दुसरं काही नाही, कारण ते आधी करून ठेवता येतं. सहा जणांसाठी ३६० मिली राय, १८० मिली व्हरमूथ, १२ डॅश बिटर्स आणि बर्फ वितळून जेवढं पाणी मिसळलं असतं तेवढं म्हणजे ११० मिली साधं पाणी, सगळं रिकाम्या बाटलीत भरून दोन तास फ्रीझरमध्ये. माणसं आली की नुसतं ओतायचं, सोबत खारे काजू नाहीतर भाजक्या पोह्यांचा चिवडा, आणि तुम्ही किचनमध्ये न अडकता बाहेर गप्पांत.

सॅझरॅकचं हे सगळं उलटं आहे. ते एकेक करायचं ड्रिंक आहे, दोन माणसं, जेवण झालेलं, घाई नाही. ते न्यू ऑर्लिन्सचं, २००८ मध्ये लुइझियानाच्या विधिमंडळाने त्याला शहराचं अधिकृत कॉकटेल ठरवलं. नाव आलं एका फ्रेंच कोन्याकवरून (द्राक्षांची ब्रँडी), असं सांगतात की आधी ते कोन्याकनेच व्हायचं, फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांना कीड लागली आणि कोन्याक मिळेना झाली तेव्हा तिच्या जागी राय पक्की बसली. एका ग्लासात बर्फ घालून तो गार होऊ द्या, दुसऱ्यात साखरेची वडी पेशोज बिटर्सच्या तीन-चार डॅशने भिजवून चमच्याने चुरडा, मग ६० मिली राय आणि बर्फ घालून ढवळा. पहिल्या ग्लासातला बर्फ फेकून त्यात चमचाभर अ‍ॅब्सिंथ (बडीशेपेच्या वासाची कडक दारू) फिरवा, काचेला आतून ओलावा राहिला की उरलेलं ओतून द्या, आणि ड्रिंक त्यात गाळा, बर्फाशिवाय, वर लिंबाच्या सालीचं तेल, ते कसं ते शेवटी सांगते. नाक जवळ नेलं की थेट बडीशेप, आणि मागून रायचा तिखटपणा. घरात कुणाला बडीशेपेचा वास सोसत नसेल तर सॅझरॅकच्या वाटेला जाऊ नका, ते लपवता येत नाही.

खर्चाचं म्हणाल तर अ‍ॅब्सिंथ महाग पण एक बाटली वर्षानुवर्षं पुरते, खराब होत नाही. त्याऐवजी हर्बसेंट हे तशाच चवीचं लिकर बिनधास्त घ्या, अमेरिकेत १९१२ ला अ‍ॅब्सिंथवर बंदी आल्यामुळे (ती २००७ मध्ये उठली) १९३४ पासून न्यू ऑर्लिन्सवाले तेच वापरत आलेत. पेशोजच्या जागी अँगोस्टुरा मात्र नको, त्यात लवंग-दालचिनीचा मसाला जास्त, पेशोज हलकं, लाल आणि बडीशेपेकडे झुकणारं, ड्रिंकची ओळखच बदलते.

साखर, बिटर्स आणि राय एवढंच घरात असेल तर ओल्ड फॅशन्ड हे तिसरं कॉकटेल करा, मोठ्या बर्फावर, वर संत्र्याची साल, त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही.

एक गोष्ट पाहुण्यांना आधीच सांगत जा, ५० टक्क्यांच्या रायचं एक मॅनहॅटन म्हणजे अमेरिकन हिशोबाने जवळजवळ दोन ड्रिंक होतात, दिसायला ग्लास छोटा असला तरी. मी जेवणाआधी प्रत्येकाला एकच देते, सोबत पाण्याचा जग, आणि गाडी चालवणाऱ्याला तेही नाही.

तर चार-सहा जण, जेवणाआधी, फ्रिजमध्ये ताजं व्हरमूथ, मग मॅनहॅटन. दोघंच असाल आणि बडीशेप आवडत असेल तर सॅझरॅक, आणि त्याला जाड सालीचं पिवळं लिंबूच आणा, आपल्या कागदी लिंबाच्या पातळ सालीतून ते तेल तसं येत नाही. बोटाएवढी पट्टी काढून ग्लासवर उलटी धरून दाबली की उजेडात बारीक तुषार उडताना दिसतात आणि ड्रिंकवर तेलाची चकाकी येते. साल आत टाकावी की नाही यावर लोक भांडतात. मी टाकत नाही, बसून राहिली की कडवटपणा सोडते.