पेयातली भेसळ ओळखणाऱ्या पट्ट्या : ५ पैकी २ तारे

भाची कॉलेजसाठी बाहेर राहायला निघाली, तेव्हा या पट्ट्या मीच मागवल्या. मी फार्मासिस्ट आहे, त्यामुळे पाकीट तिच्या हातात देण्याआधी निम्म्या पट्ट्या स्वतः वापरून पाहिल्या.

पुठ्ठ्याच्या छोट्या पट्टीवर दोन वर्तुळं असतात, एक जीएचबीसाठी, दुसरं केटामिनसाठी. ही दोन्ही कुणाच्या पेयात गुपचूप मिसळली जाणारी गुंगीची औषधं. बोट पेयात बुडवायचं, थेंब वर्तुळावर टेकवायचा, सुकू द्यायचा. वर्तुळ गडद निळं झालं तर त्या ग्लासाला हात लावायचा नाही. साध्या पाण्यात आणि बिअरमध्ये वर्तुळ जसंच्या तसं राहिलं. रेड वाइनमध्ये मात्र ते जांभळट झालं. हा वाइनचा डाग की पट्टीचा रंग, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. मग खोलीतले दिवे मालवून मोबाइलच्या स्क्रीनच्या उजेडात पाहिलं, तर निळं आणि काळं सारखंच दिसलं. पार्टीत याहून जास्त उजेड कुठे असतो? गुंगी आणणाऱ्या फ्लुनिट्राझेपामसारख्या गोळ्यांसाठी तर या पट्टीत वर्तुळच नाही. तरी पाकिटावर मोठ्या अक्षरात छापलंय, ‘आता निर्धास्त राहा’.

दुसऱ्याच महिन्यात एके दिवशी पहाटे भाचीचा फोन आला. ‘मावशी, पट्टी कोरीच आहे गं, पण हिला काहीच आठवत नाहीये.’

ही म्हणजे तिची रूममेट. तिला विचारूनच लिहितेय. पार्टीत तिने ग्लास तपासला होता आणि तो स्वच्छ निघाला होता. ग्लासात दारूच होती, दुसरं काही नव्हतं. वर्गातला ओळखीचा मुलगा ग्लास अर्धा झाला की लगेच भरत होता, त्यामुळे किती प्यायली याचा हिशेबच राहिला नाही. नंतर तो तिला ‘सोडायला’ म्हणून घेऊन गेला. फोनवर ती मला पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, ‘पट्टीवर काही आलं नाही म्हणजे चूक माझीच ना?’

तीन तारे मी या एका वाक्यासाठी कापलेत.

नाही गं बाळा, चूक त्याची. विद्यार्थिनींवरच्या लैंगिक अत्याचारांपैकी साधारण निम्म्या घटनांत दारू असते, आणि करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. त्याला पुडी लागत नाही, बाटली पुरते. मुलींच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून तेवढीच दारू रक्तात जास्त चढते. भराभर चढली की ब्लॅकआउट होतो. माणूस चालतो, बोलतो, हसतोसुद्धा, पण मेंदूत आठवण उमटतच नाही. अशा अवस्थेतल्या ‘हो’ला संमती म्हणायचं कसं? आणि यातलं काहीही पट्टीवर दिसणार नाही.

माझं मत विचाराल तर या पैशात मुलींसाठी प्रशिक्षण शोधा. मानसशास्त्रज्ञ शार्लीन सेन यांच्या गटाने कॅनडातल्या ३ विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. तीन-तीन तासांची ४ सत्रं होती. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका कसा ओळखायचा, मनातला संकोच कसा मोडायचा, अंगावर आला तर प्रतिकार कसा करायचा, हे त्यांत शिकवलं. वर्षभरात बलात्कार झालेल्यांचं प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के होतं, फक्त माहितीपत्रकं मिळालेल्यांत ९.८ टक्के. मुलांनाही शिकवायलाच हवं, पण आमची मुलगी आज रात्री बाहेर जाणार आहे.

पट्ट्या फेकून द्या असं मी म्हणत नाही. स्वच्छ पेयात, चांगल्या उजेडात, त्या दोन औषधांसाठी जवळ असू द्या, म्हणून दोन तारे. पण कंपनीने पाकिटावर जे छापायला हवं होतं ते छापलेलंच नाही. शेवटी भाचीच्या पाकिटाच्या मागे मीच पेनने लिहून दिलं : ‘संशय आला की थेट हॉस्पिटल. जीएचबी लघवीत जेमतेम १२ तास सापडतं, लघवीचा पहिला नमुना जपून ठेव. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. आंघोळ नको, कपडे धुऊ नकोस.’ त्याखाली माझा नंबर.