हॉलमध्ये स्पीकर कुठे लावायचे: आखूड भिंत की लांब भिंत?

कोणते स्पीकर घ्यायचे यावर लोक महिनोन्महिने डोकं लढवतात आणि घरी आणल्यावर टीव्ही युनिटच्या दोन कोपऱ्यांत कोंबून मोकळे होतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण जागा बदलायला एक पैसा लागत नाही आणि फरक मात्र नवे स्पीकर आणल्याइतका पडतो.

आपल्या फ्लॅटमधला ओळखीचा हॉल घेऊ: 10 बाय 15 फूट, खाली गुळगुळीत टाइल्स, एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला बाल्कनीची सरकती काच. इथे जोडी एकतर 10 फुटी भिंतीपाशी लागेल, नाहीतर 15 फुटी भिंतीपाशी.

आखूड भिंतीचा मोठा फायदा म्हणजे समोर मिळणारी लांबी. स्पीकर भिंतीपासून 2 फूट पुढे ओढता येतात, ऐकणाऱ्याच्या पाठीमागेही 5-6 फूट मोकळे राहतात. खर्जाला, म्हणजे खोल, जाड आवाजाला, श्वास घ्यायला जागा मिळते, तंबोरा खोलीभर पसरतो. पण रुंदी 10 फूटच. दोन स्पीकरमध्ये 6 फूट ठेवले की प्रत्येकाला बाजूच्या भिंतीपासून जेमतेम 2 फूट उरतात. तिथून परतलेला आवाज थेट आवाजाच्या पाठोपाठ कानावर येतो आणि गाणारा माणूस नेमका कुठे बसलाय ते पुसट होतं. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला पॅसेजची मोकळी वाट असेल, तर समोर उभं राहणारं आवाजाचं चित्र एकीकडे कलतं.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. दोन स्पीकर आणि आपण मिळून समभुज त्रिकोण करावा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. इथे तो तंतोतंत पाळला तर खुर्ची भिंतीपासून 7 फुटांच्या थोडी पुढे, म्हणजे खोलीच्या जवळपास मध्यावर येते. 15 फूट लांबीत 38 हर्ट्झच्या आसपासचा आवाज मध्यावर दबतो आणि त्याच्या दुप्पट, 75 च्या आसपासचा फुगतो. म्हणून खुर्ची दीड-दोन फूट मागे घ्या. त्रिकोण थोडा लांबट झाला तरी चालेल.

लांब भिंतीवर हिशेब उलटा होतो. दोन स्पीकरमध्ये 7 फूट ठेवले तरी दोन्ही बाजूंना चार-चार फूट उरतात. बाजूचे परावर्तित आवाज उशिरा आणि क्षीण होऊन येतात, त्यामुळे गायक, तबला, पेटी आपापल्या जागी स्वच्छ उभे राहतात. गाण्यातले शब्द ज्यांना जिवाभावाचे, त्यांना हे लगेच जाणवतं. अडचण आहे ती पाठीची. खोली 10 फूटच खोल, म्हणून सोफा समोरच्या भिंतीला टेकतो आणि डोकंही भिंतीला लागतं. भिंतीपाशी खर्ज नेहमीच फुगलेला ऐकू येतो. त्यात स्पीकरही मागच्या भिंतीला चिकटलेले असतील तर तो दुप्पट जड होतो.

हे तपासायला तबल्याचं चांगलं रेकॉर्डिंग लावा आणि डग्ग्याच्या घिश्श्याकडे कान द्या. मनगट घासत नेताना सूर सलग चढायला हवा. मध्येच एका ठिकाणी तो ढुम्म करून फुगला, तर तो खोलीचा आवाज आहे, वादकाचा नाही. स्पीकर चार बोटं पुढे घ्या, पुन्हा ऐका.

माझा कौल असा: सोफा भिंतीपासून दीड फूट पुढे ओढायची घरच्यांची तयारी असेल आणि डोक्यामागे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट येणार असेल, तर लांब भिंत. बहुतेक घरांत आखूड भिंतीपैकी एक बाल्कनीने आणि दुसरी दाराने खाल्लेलीच असते. आखूड भिंत खरोखर मोकळी असेल आणि स्पीकर उभे, जमिनीवरचे असतील, तर मात्र तीच घ्यावी. मोठ्या स्पीकरचा खर्ज लांबीतच खुलतो. दोन्हीकडे टाइल्सवर सतरंजी किंवा गालिचा हवाच, स्पीकर आणि आपण यांच्या मधल्या पट्ट्यात.

उंचीचा निर्णय बैठकीवर सोडा. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा भाग, कानाच्या रेषेत यावा. सोफ्यावर कान जमिनीपासून साधारण 95-100 सेंटिमीटरवर असतो, गादी-लोडावर 75 च्या आसपास. गादीवर बसून ऐकणाऱ्याने बाजारातलं उंच स्टँड आणू नये, सुताराकडून बुटकं करून घ्यावं.

वायरवर फार पैसे घालू नका. 5 मीटरपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची, त्यापुढे अडीचची साधी तांब्याची वायर 8 ओहमच्या स्पीकरला पुरते. फक्त एक तार नखाने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे, तिचा रोध जास्त असतो. जोडताना ॲम्प्लिफायर बंद ठेवा आणि सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकू देऊ नका. स्पीकरमागे चार टर्मिनल असतील तर मधल्या धातूच्या पट्ट्या तशाच राहू द्या. पट्ट्या काढून दोन्ही जोड्यांना वेगळी वायर देतात, त्या दुहेरी वायरिंगच्या खर्चाइतका फरक मला कधी ऐकू आला नाही.

लाल-काळ्या टर्मिनलची गल्लत मात्र सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. माझ्या मावशीकडे दोन महिने एका स्पीकरची वायर उलटी होती. काका म्हणायचे, आवाज आहे पण अंगाला लागत नाही. एक स्पीकर पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढत होता, म्हणून खर्ज आपसात कटत होता. मी जुनं मोनो नाट्यगीत लावलं. मोनोमध्ये आवाज दोन्हीकडून सारखाच येतो, म्हणजे गायक बरोबर मध्ये उभा राहायला हवा. तो कुठेच नव्हता. वायर सुलटी केल्यावर मावशी पदर खोचत आतून आली आणि दोन स्पीकरच्या मधल्या मोकळ्या जागेकडे बघत उभी राहिली.

जागा पक्की झाली की स्टँडच्या पायांभोवती फरशीवर रंगीत टेपच्या खुणा करून ठेवा. फरशी पुसताना स्टँड सरकतातच.