पिशवीला सूज, चॉकलेट सिस्ट आणि हार्मोनची तांबी: अकरा महिन्यांचा अनुभव

माझे वय 38 आहे, एक मुलगी आहे आणि आम्हाला दुसरे मूल नको आहे. डाव्या अंडाशयात सुमारे अडीच सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची) गाठ, आणि त्याच्या जोडीला अ‍ॅडिनोमायोसिस, म्हणजे तेच अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत वाढणे, ज्याला आपल्याकडे सरसकट ‘पिशवीला सूज’ म्हणतात, असे माझे दुहेरी निदान आहे. त्यामुळे प्रत्येक गर्भनिरोधकाबाबत मला दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: याने गर्भधारणा टळेल का, आणि याने माझा आजार वाढणार तर नाही ना? या दोन्हींचे उत्तर एकच असेल असे मी बरीच वर्षे गृहीत धरले होते.

बाळंतपणानंतर मला साधी, तांब्याची तांबी बसवली होती. ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळते आणि असंख्य स्त्रियांना मानवते. परंतु तिच्यामुळे पाळीतील रक्तस्राव आणि कळा वाढू शकतात, आणि माझ्या बाबतीत तेच झाले. दर दोन तासांनी पॅड बदलावे लागे, रक्ताच्या गाठी पडत, हिमोग्लोबिन 8.2 पर्यंत उतरले. तपासणीला गेल्यावर ‘पाळीत एवढे दुखायचेच’ असे ऐकवले गेले. त्या एका वाक्यामुळे माझे निदान दोन वर्षे लांबले, याचे दुःख मला आजही आहे.

तांबी काढल्यावर नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा विषय निघाला, पण मला अर्धशिशी सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकतात, आणि अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेली गोळी घेतल्यास पक्षाघाताचा धोका वाढत असल्यामुळे ती देता येत नाही. नंतर डायनोजेस्ट सुरू झाले, रोज 2 मिलिग्रॅम. वेदना खरोखर कमी झाल्या. मात्र ही गोळी एंडोमेट्रिओसिसवरचे औषध आहे, गर्भनिरोधक म्हणून तिच्यावर विसंबायचे नसते आणि सोबत निरोध वापरावा लागतो, हे मला तिसऱ्या महिन्यात पाकिटातील माहितीपत्रक वाचून कळले. हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे होते. पाचव्या महिन्यात मन सतत इतके खिन्न राहू लागले की डॉक्टरांच्या सल्ल्याने ती बंद केली. नसबंदीचाही सल्ला घरातून आला. तिने गर्भ राहणार नाही हे खरे, पण रक्तस्राव आणि कळा आहेत तशाच राहतात.

शेवटी हार्मोनची तांबी बसवली. नाव तांबी असले तरी तिच्यात तांबे नसते; 52 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन असते आणि सुरुवातीला रोज सुमारे 20 मायक्रोग्रॅम या प्रमाणात ते गर्भाशयातच सुटत राहते. त्याने अस्तर पातळ राहते आणि गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो. हजार स्त्रियांनी वर्षभर वापरल्यास एखाद-दुसरीलाच गर्भ राहतो. पिशवी मोठी झालेली असेल तर हे साधन आपोआप निसटून पडण्याची शक्यता अधिक असते, म्हणून डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी करून मापे घेतली आणि सहा आठवड्यांनी तांबीचे दोरे तपासायला बोलावले. बसवताना दुखते, आणि माझ्यासारख्या रुग्णाला चांगलेच दुखते. भूल देण्याविषयी मी आधीच विचारले होते, म्हणून निभावले.

पहिले साडेतीन महिने कठीण गेले. जवळजवळ रोज डाग लागत होते आणि दोनदा ती काढून टाकावी असे वाटले. तीन ते सहा महिने असे होऊ शकते हे आधी सांगितलेले होते, एवढ्याच आधारावर मी थांबले. मी वेदनेची रोज दहापैकी नोंद ठेवते: पूर्वी पाळीत आठ-नऊ असे, सहाव्या महिन्यापासून तीनच्या वर क्वचित जाते. सातव्या महिन्यात पाळी जवळपास थांबली. ‘अंगावरून गेले नाही तर घाण आत साठते’ अशी आईला काळजी वाटू लागली; अस्तरच वाढत नाही, तर साठायला काही उरत नाही, हे तिला डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावरच पटले. लोहाच्या गोळ्यांसह हिमोग्लोबिन आता 11.6 आहे.

तरीही सगळे सुटलेले नाही. या साधनाने बीजोत्सर्ग, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडणे, बहुधा चालूच राहतो, त्यामुळे महिन्याच्या मध्यावर डाव्या बाजूला दुखते आणि गाठीवर या साधनाचा फारसा भरवसा धरता येत नाही. शौचाच्या वेळची कळही पूर्ण गेलेली नाही. हनुवटीवर मुरमे आली, ती मी स्वीकारली आहेत. रक्तस्राव हे मुख्य दुखणे असलेल्या अ‍ॅडिनोमायोसिसच्या रुग्णाला मी हे साधन मनापासून सुचवेन; अंडाशयातील मोठी गाठ हाच मुख्य त्रास असेल, तर तेवढ्याच खात्रीने सुचवणार नाही.

दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची आहे. गाठ तीन सेंटिमीटरच्या आत राहिली तर साधन तसेच ठेवायचे, आणि वाढली तर शस्त्रक्रियेविषयी पुन्हा बसून बोलायचे, असे डॉक्टरांशी ठरले आहे.