एका तळ्याची तीन नावे : कोबोटूलबॉक्स वापरून पाहताना

आर्वी आणि कारंजा (घाडगे) तालुक्यांत शेततळी व नाला खोलीकरणाची कामे करणाऱ्या आमच्या लहानशा कंपनीत एकाच तळ्याला तीन नावे असत. अभियंता मोजमाप वहीत गट क्रमांक लिही, पोकलेनचा चालक तासांच्या वहीत शेतकऱ्याचे नाव टाकी आणि कार्यालयातील एक्सेलमध्ये तेच काम देयकाच्या क्रमांकाने ओळखले जाई. एकाच गटात दोन भावांची दोन तळी झाली, तेव्हा एकाच्या खोदाईचे तास दुसऱ्याच्या नावावर चढले आणि तो घोळ निस्तरण्यासाठी आम्हांला पुन्हा धुऱ्यावर उभे राहून टेप लावावा लागला.

त्यानंतर सर्व नोंदी कोबोटूलबॉक्समध्ये, म्हणजे मोबाइलवरून माहिती गोळा करण्याच्या साधनात, आणल्या. रेंज नसलेल्या शिवारातही मोबाइलवर अर्ज (नोंदीचा फॉर्म) भरून ठेवता येतो आणि गावात आल्यावर तो पाठवता येतो, ही सोय आमच्या भागात फार मोलाची आहे. प्रश्नावली एक्सेलमध्येच आणि मराठीतून लिहिता येत असल्याने आमच्या लिपिकाने ती स्वतः तयार केली. लांबी, रुंदी, खोली आणि बाजूंचा उतार भरला की घनमाप अर्जातच निघते: १:१ उताराच्या ३०×३०×३ मीटर तळ्याचे २१९६ घनमीटर. उतार विसरून सरळ गुणाकार करणाऱ्याला तेच २७०० भरते, आणि देयकातील वाद बहुधा नेमका या फरकातून उभा राहतो.

मात्र खरे काम साधन घेण्याआधीचे आहे. प्रत्येक कामाला एकच क्रमांक द्यावा आणि तो मोजमाप, यंत्राचे तास व छायाचित्रे या तिन्ही अर्जांत टंकू न देता यादीतूनच निवडायला लावावा, असा माझा आग्रह आहे. हे केले नाही तर जुना गोंधळ फक्त वहीतून मोबाइलवर जाईल. नवे काम यादीत चढवल्यावर प्रत्येक मोबाइलवरील अर्ज अद्ययावत करावा लागतो, हेही पर्यवेक्षकांना आवर्जून सांगावे. एका अर्जात अनेक दिवसांचे तास भरले तर माहिती एक्सेलमध्ये उतरवून घेताना ते वेगळ्या पानावर जातात, म्हणून आम्ही रोजचा अर्ज वेगळा ठेवला.

कामांचे वेळापत्रक आखण्यासाठी हे साधन नाही. पावसाआधी कोणते तळे उरकायचे, ते आम्ही अजून कार्यालयातील फळ्यावरच लिहितो.