विंडोज १० नंतर काय: त्याच यंत्रावर विंडोज ११, वर्षभराची मुदतवाढ की लिनक्स मिंट

मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र, टंकलेखन संस्था, पतसंस्थेची शाखा किंवा खते-बियाण्यांचे दुकान यांपैकी कुठेही गेले, तर टेबलावर बहुधा पाच ते दहा वर्षे वापरलेला डेस्कटॉप दिसतो आणि त्यावर विंडोज १० असते. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या या प्रणालीची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा आधारही त्याच दिवशी संपला. संगणक मात्र पूर्वीसारखेच सुरू होतात, म्हणून पुष्कळ जण निर्णय पुढे ढकलत आहेत. परंतु ज्या यंत्रावर रोज शेकडो लोकांचे आधार क्रमांक, पासबुकांच्या प्रती आणि उत्पन्नाचे दाखले हाताळले जातात, ते यंत्र अद्यतनांविना इंटरनेटला जोडून ठेवणे हा केवळ मालकाचा धोका नाही. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो लागू होतो, आणि त्या माणसाला याची कल्पनाही नसते.

पर्याय मुख्यतः तीन आहेत. त्याच यंत्रावर विंडोज ११ घेणे, विंडोज १० ठेवून वाढीव सुरक्षा अद्यतनांची मुदत घेणे, किंवा लिनक्स मिंटसारख्या मुक्त प्रणालीकडे जाणे. गेली कित्येक वर्षे परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतल्या लहान कार्यालयांचे संगणक सांभाळताना माझे एक मत पक्के झाले आहे: यांतला कोणता पर्याय चांगला, या प्रश्नापासून सुरुवात करू नये. यंत्राला काय काय जोडलेले आहे आणि त्यावर कोणती जुनी आज्ञावली चालते, याची यादी आधी कागदावर करावी. निर्णय बहुतेक वेळा त्या यादीतली सर्वांत जुनी वस्तू करते.

यंत्र विंडोज ११ ला चालते का

विंडोज ११ साठी ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (सुरू होताना प्रणाली खरी आहे का हे तपासण्याची सोय) चालवू शकणारे यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचे बायोस, आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. इंटेलचे प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे आणि एएमडीचे रायझन २००० मालिकेपासून पुढचे यादीत आहेत. पिढी ओळखण्याची सोपी खूण म्हणजे आय३ किंवा आय५ नंतर येणारा आकडा. आय३-८१०० चालतो, आय५-६५०० किंवा आय५-४५७० चालत नाही. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या कंपन्यांतून निघालेले सेकंडहँड संगणक पुष्कळ विकले जातात आणि त्यांत नेमके याच चौथ्या ते सहाव्या पिढीचे प्रोसेसर जास्त असतात, त्यामुळे दिसायला चांगले आणि वेगाला पुरेसे असलेले यंत्रही अपात्र ठरते, हे आधीच लक्षात घ्यावे.

याच्या उलट, पात्र असलेले यंत्र अपात्र दाखवले जाण्याचे प्रकारही पुष्कळ आहेत. जुळवून घेतलेल्या संगणकांच्या मदरबोर्डवर टीपीएम अनेकदा बंद असते. इंटेलमध्ये ते पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावाने बायोसमध्ये सापडते आणि तिथून सुरू करता येते. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल (विंडोज ११ ला नवी जीपीटी लागते), तर विंडोज १० मध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने ती, आतला मजकूर न पुसता, बदलता येते, अर्थात आधी प्रत काढून. म्हणून दुकानदाराने "हे होणार नाही, नवीन घ्या" असे सांगितले, तरी पीसी हेल्थ चेक हे मायक्रोसॉफ्टचे तपासणीचे साधन चालवून आणि बायोस उघडून स्वतः खात्री करून घ्यावी.

अपात्र यंत्रावर तपासणी चुकवून विंडोज ११ बसवून देणारे बाजारात आहेत. घरच्या यंत्रावर कोणी ते करत असेल तर त्याची मर्जी, पण कामाच्या यंत्रावर मी ते करत नाही. अशा यंत्राला पुढची अद्यतने मिळतीलच असे मायक्रोसॉफ्ट मानत नाही, आणि ज्या कारणासाठी आपण बदल करतो आहोत तेच कारण त्यामुळे उरत नाही.

जोडलेल्या वस्तू आणि जुन्या आज्ञावल्या

सेवा केंद्रासाठी पहिली वस्तू म्हणजे अंगठ्याचे मशीन. आधार पडताळणीसाठी त्या मशीनची आरडी सेवा, म्हणजे नोंदणीकृत मशीनला आधारशी जोडणारी आज्ञावली, संगणकावर चालू असावी लागते आणि ती प्रामुख्याने विंडोजसाठी दिली जाते. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे, आणि पोर्टलवर सही करताना मागे चालणाऱ्या छोट्या आज्ञावलीचेही बरेचसे तसेच आहे. त्यामुळे दाखले, ई-केवायसी आणि पीकविम्याचे अर्ज भरणाऱ्या मुख्य यंत्राला लिनक्स सुचवणे मला आजतरी जबाबदारीचे वाटत नाही. टॅलीही विंडोजवरच बसवावी लागते. अशा यंत्रासाठी खरी निवड विंडोज ११ आणि मुदतवाढ या दोघांतच आहे.

पतसंस्था आणि विविध कार्यकारी सोसायट्यांत वेगळीच अडचण येते. तिथे आजही डॉस या विंडोजपूर्वीच्या प्रणालीसाठी, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस आज्ञावलीत लिहिलेले खातेवहीचे काम सुरू असलेले दिसते. डॉससाठीच्या आणि १६-बिट आज्ञावल्या ३२-बिट विंडोज १० वर चालतात. ६४-बिट विंडोज त्या चालवत नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटच आहे. म्हणजे यंत्र नवे असो वा जुने, विंडोज ११ घेतल्याबरोबर ते काम थेट उघडणे बंद होते. शिवाय ३२-बिट विंडोज १० वरून विंडोज ११ वर थेट चढताही येत नाही, कोरी प्रणालीच टाकावी लागते. यावर दोन वाटा आहेत. एक, डॉसबॉक्स-एक्ससारख्या आज्ञावलीत ते जुने काम चालवणे. छपाईची सोय त्यात आहे, पण डॉट मॅट्रिक्सवर पासबुकाची ओळ जागेवर पडते का हे प्रत्यक्ष कागद लावून तपासावे लागते. दुसरी, जुने यंत्र जसेच्या तसे ठेवून त्याची इंटरनेटची वायर कायमची काढून टाकणे. नवीन संगणकीय बँकिंगकडे जाईपर्यंतच्या काळासाठी मला दुसरी वाट अधिक भरवशाची वाटते. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडतात, त्यामुळे प्रत नीट आली की नाही हे दुसऱ्या यंत्रावर पाहता येते.

मराठी मजकुराचा प्रश्न तिन्ही पर्यायांत येतो, आणि तो शेवटच्या क्षणी लक्षात येतो म्हणून अधिक त्रास देतो. श्री-लिपी, कृतीदेव किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली पत्रे आतून इंग्रजी अक्षरांच्या संकेतांनी साठवलेली असतात. फॉन्ट नसला की समोर अर्थहीन अक्षरे दिसतात. डोंगलवर (परवान्यासाठी संगणकाला जोडायच्या छोट्या वस्तूवर) चालणाऱ्या आवृत्तीचा चालक (ड्रायव्हर) नव्या विंडोजसाठी मिळतो का, हे विक्रेत्याला आधीच विचारावे. लिनक्सवर फॉन्टची फाइल बसवून जुने पत्र वाचता येते, पण ते फॉन्ट टंकण्याची विंडोजमधली सोय सोबत येत नाही. युनिकोड वापरणाऱ्यांनाही एक बारीक गोष्ट सांगतो: कोऱ्या विंडोज १० किंवा ११ मध्ये निर्मला यूआय असतो, परंतु मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट देवनागरीच्या पूरक संचात गेले आहेत आणि तो संच ऐच्छिक सुविधांतून वेगळा घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर मंगलमध्ये बसवलेल्या दाखल्याच्या नमुन्यातल्या ओळी सरकतात आणि दोष प्रिंटरला दिला जातो.

मुदतवाढ म्हणजे नेमके काय

वैयक्तिक वापराच्या विंडोज १० यंत्रांना वाढीव सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवण्यात आली. त्यासाठी २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. ३० डॉलर किंवा तेवढे रुपये भरून, १००० रिवॉर्ड्स गुण वापरून, किंवा यंत्राच्या सेटिंगची प्रत खात्याशी जुळवून विनामूल्य, असे तीन मार्ग त्यात आहेत. संस्थांसाठीची योजना वेगळी असून तिची किंमत पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्राला ६१ डॉलर आहे, पुढे दर वर्षी ती दुप्पट होते आणि तीन वर्षांनंतर तीही थांबते. दहा यंत्रांच्या कार्यालयाने हा हिशेब मांडला की तेवढ्या पैशात काही यंत्रे बदलता येतात हे दिसते. म्हणून मुदतवाढ ही ज्याला पुढच्या आर्थिक वर्षात नक्की नवीन यंत्र घ्यायचे आहे, त्याच्यासाठी योग्य. "बघू पुढे" म्हणून घेतली, तर वर्षाच्या शेवटी माणूस त्याच जागी उभा असतो, फक्त यंत्र आणखी जुने झालेले असते.

लिनक्स मिंट कुणासाठी

अपात्र यंत्र, साधी कामे आणि जोडलेल्या वस्तू थोड्या, असा मेळ असेल तर लिनक्स मिंट मनापासून सुचवावासा वाटतो. मिंट २२ ही मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिची अद्यतने २०२९ च्या एप्रिलपर्यंत आहेत. एक्सएफसीई ही तिची हलकी आवृत्ती ४ जीबी रॅमच्या यंत्रावर नीट चालते. शाळेचा संगणक कक्ष, वाचनालय, मुलांच्या अभ्यासाचे घरचे यंत्र, ब्राउझर आणि पत्रव्यवहार एवढेच काम असलेले कार्यालय, यांना ते पुरते. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी टंकणे सहज होते. रेमिंग्टनची सवय असलेल्या लिपिकाने मात्र आपल्या ओळखीची मांडणी मिळते का हे आधी तासभर बसून पाहावे. पेनड्राइव्हवरूनच यंत्र सुरू करून, डिस्कला हात न लावता, हे सारे करता येते आणि या पर्यायाची मला सर्वांत आवडणारी बाजू हीच आहे: बसवण्यापूर्वीच स्वतःच्या प्रिंटरसह चाचणी होते. प्रिंटरची चाचणी करावीच, कारण कार्यालयांत सर्रास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर वेगळा चालक मागतो आणि तो बसवणे नवख्याचे काम नाही.

जीसीसी-टीबीसी या शासकीय संगणक टंकलेखन परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या टंकलेखन संस्थांनी मात्र परीक्षेच्या यंत्रावर जे असते तेच विद्यार्थ्यांसमोर ठेवावे. त्यांच्यासाठी तुलना इथेच संपते.

सर्व्हरबद्दल थोडक्यात. लहान महाविद्यालयात किंवा संस्थेत फायलींसाठी ठेवलेला सर्व्हर असेल, तर विंडोज सर्व्हर २०१६ चा आधार १२ जानेवारी २०२७ पर्यंत आहे आणि सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचा ३० जून २०२४ रोजीच संपला आहे. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती २०.०४ वरून थेट २४.०४ वर जाता येत नाही; मध्ये २२.०४ चा टप्पा घ्यावा लागतो. सर्व्हरवर जुन्यावर नवे चढवण्यापेक्षा शेजारी दुसरे यंत्र उभे करून फायली नेणे मी नेहमीच पसंत करतो.

चढवावे की कोरे टाकावे

विंडोज ११ ठरले, तरी एक निवड उरते. जुन्यावर चढवले तर आज्ञावल्या आणि फायली जागच्या जागी राहतात, आणि पसंत न पडल्यास दहा दिवसांत मागेही फिरता येते. पण वर्षानुवर्षे साचलेला कचराही सोबत येतो, आणि साध्या हार्ड डिस्कवर हे काम तासन्‌तास चालते. कोरे टाकले तर यंत्र हलके होते, परंतु सी ड्राइव्हवरचे सारे जाते. आपल्याकडे लोक सगळे काही डेस्कटॉपवर ठेवतात, आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो. एका संस्थेत मी डी ड्राइव्ह तपासून समाधानाने फॉरमॅट मारला आणि खात्यांचा फोल्डर सी मध्ये होता. पेनड्राइव्हवर महिन्यापूर्वीची प्रत होती. मधल्या दिवसांच्या पावत्या तिथल्या लिपिक ताईंनी चार दिवस बसून पुन्हा भरल्या. त्यांचा तो वेळ माझ्यामुळे गेला, आणि तेव्हापासून मी पद्धत बदलली.

आता मी फॉरमॅट करतच नाही. नवीन एसएसडी घ्यायची, जुनी डिस्क काढून ठेवायची आणि प्रणाली नव्या डिस्कवर कोरी टाकायची. मदरबोर्डशी बांधलेला डिजिटल परवाना असेल तर त्याच आवृत्तीचे विंडोज ११ इंटरनेटला जोडल्यावर आपोआप सक्रिय होते. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या नव्या यंत्रांत डिस्क आपोआप कूटबद्ध होऊ शकते, म्हणून पुनर्प्राप्तीची किल्ली त्याच दिवशी कागदावर उतरवून रोख रकमेच्या कपाटात ठेवावी.

वेळेचा विचार आपल्या भागात विशेष करावा लागतो. निकालांनंतर जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असते आणि जुलैमध्ये पीकविम्याची. या दोन महिन्यांत केंद्राच्या मुख्य यंत्राला हात लावू नये. एप्रिल-मे महिन्यांत लाईटचा भरवसा नसतो, आणि चढवणे अर्ध्यात असताना लाईट गेली तर विंडोज बहुधा मागे फिरते, लिनक्सची अर्धवट राहिलेली पॅकेजे हाताने पुरी करावी लागतात, आणि दोन्हींत दिवस जातो. इन्व्हर्टर भरलेला असताना, रविवारी सकाळी, इतर यंत्रे बंद ठेवून काम करावे. विंडोज ११ ची फाइल ५ जीबीहून मोठी, मिंटची सुमारे ३ जीबी. मोबाईलच्या नेटवर ती आदल्या रात्री एकदाच उतरवून पेनड्राइव्ह तयार केला की सगळ्या यंत्रांना पुरतो. काढलेल्या जुन्या डिस्कवर तारीख आणि यंत्राचे नाव लिहावे आणि मार्चअखेरचे ताळेबंद नव्या यंत्रावर एकदा पूर्ण निघेपर्यंत ती कुणालाही देऊ नये.